उघाडीचा नारळ

आमच्या कामतघर वस्तीत शुक्रवारी लूम बंद असतात, आणि माझे वडील शुक्रवारीच येतात. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

इतर सहा दिवस आले तरी ऐकू कोणाला येणार? आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला चिकटून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे. अखंड खटाखट, खटाखट. त्या आवाजात आम्ही जेवतो, भांडतो, झोपतो, पाहुण्यांशी ओरडून बोलतो आणि पाहुणे गेल्यावरही ओरडूनच बोलत राहतो. शुक्रवारी तो थांबला की घर अंगावर येतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, बायकोच्या बांगड्या ऐकू येतात. शाळेतून येऊन मी चहाचा कप हातात घेतो आणि गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची करकरते. मी बघायला जात नाही. बघायचं काय त्यात? पांढरी टोपी घालून, दोन्ही हात काठीवर ठेवून ते बसलेले असणार. बोलत काही नाहीत, मागत काही नाहीत. हेच मला सोसत नाही. काही मागितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

बायको म्हणते, गॅलरीत वारा असतो, खुर्ची हलकी आहे. असेल. तिला एकदा सांगितलं, मग खुर्ची आत आणून ठेव. तिने आणली नाही. म्हणजे तिलाही काहीतरी वाटत असणारच.

मी शाळेत भूगोल शिकवतो. पण शाळेत मला ओळखतात ते वेळापत्रकवाले सर म्हणून. सतरा वर्गांचं, सव्वीस शिक्षकांचं वेळापत्रक दर जूनमध्ये मी एकटा बसवतो. कोणाला पहिला तास नको, कोणाला शेवटचा नको, पीटीच्या सरांना ऊन नको. सगळ्यांची नाटकं सांभाळून चौकोन भरायचे. नोकरीला लागलो तेव्हा एका जुन्या सरांनी सांगितलं होतं, रोज एक घर रिकामं ठेवत जा, नाहीतर एक माणूस आजारी पडला की सगळं कोसळतं. मी मान डोलावली आणि ते घरही भरलं. रिकामा चौकोन दिसला की माझा हात शिवशिवतो.

हे शाळेपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण मी घरालाही वेळापत्रक लावलं. फ्रिजवर एक, डायरीत एक. मुलीचा अभ्यास, गॅसचा नंबर, बायकोची रक्ततपासणी, पाच वर्षांत काय काय करायचं त्याची यादी. आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, ‘खारबाव, ११ ते ४.’ खारबावला आईवडील राहायचे. मोटारसायकलने जेमतेम अर्ध्या तासाची वाट. पण त्यांनाही मी एका चौकोनात बसवलं होतं, आणि वर शेखी मिरवायचो की इतरांसारखा ‘बघू, जमलं तर’ म्हणत नाही, ठरल्या दिवशी हजर असतो. बायको एकदा चिडून म्हणाली होती, तुमच्या डायरीत मरायला कोणता तास ठेवलाय तो सांगून ठेवा, आम्ही तयारीत राहू. तेव्हा मी हसलो होतो.

वडिलांचं सगळं उलटं. जन्मात त्यांनी कधी तारीख सांगितली नाही. कधी येऊ विचारलं तर ‘ये कवा पन.’ दवाखान्यात कधी जायचं, तर ‘जाऊ की.’ मला वाटायचं, या माणसाच्या आयुष्याला काही आखणीच नाही, वारं येईल तसं चाललंय.

त्यांचं काम उघाडीचं. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि त्या बांधाला आत साचलेलं पावसाचं पाणी सोडायला जो दरवाजा असतो ती उघाडी. पाणी ओसरलं की दार उघडायचं, भरती चढायच्या आत पाडायचं. चुकलं तर शेतात खारं पाणी, आणि मग दोन-तीन वर्षं तिथे भात नाही. गावाने हे काम आमच्या घराकडे दिलेलं होतं. चाळीस वर्षांत वडिलांच्या हातून एकदाही पाणी आत शिरलं नाही. घरात गजराचं घड्याळ नव्हतं. मी याला आखणी म्हणत नव्हतो, हे माझं शहाणपण.

उघाडी सांभाळणाऱ्याने वर्षातून एकदा, पाऊस लागायच्या आधी, खाडीला नारळ द्यायचा असतो. फोडायचा नाही, सोडायचा. त्यासाठी उघाडीची सगळ्यात खालची पायरी कोरडी, पाय ठेवण्याजोगी असायला लागते, आणि ती तशी मिळते फक्त भांगाला. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, तेव्हा पाणी ओहोटीला लांब जातं खरं, पण येताजाता रेटा धरून असतं आणि पायऱ्यांवर सगळा गाळाचा लगदा होतो. अष्टमी ते एकादशीच्या सुमाराला पाण्याचा जोर मोडतो, तो भांग. तेव्हा सुकतीला, म्हणजे ओहोटी पुरती उतरली की, पायरी कोरडी होते आणि म्हातारा माणूसही खाली उतरू शकतो. आतली शेतं भराव घालून गेली, तिथे गोदामं उभी राहिली, उघाडीचं दार गंजून अर्धं उघडं राहिलं. नारळ मात्र वडील देत होते. मग गुडघे गेले आणि तीन वर्षं नारळ चुकला. त्यांच्या मनाला ते लागून राहिलं.

ते गेले त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर त्यांनी मला सांगितलं. आजवर त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

“येकदा भांगाला ये. तुझ्या हातानं नारल देऊ. मंग मी मोकला.”

मी डायरी काढली आणि विचारलं, कधी? ते म्हणाले, भांगाला. मी म्हटलं, हो, पण तारीख? ते नुसते हसले.

आता मी अडाणी असतो तर चाललं असतं. उधाणाची भरती आणि भांगाची भरती, फरक स्पष्ट करा. दोन गुणांचा हा प्रश्न मी वर्षानुवर्षं घालत आलोय. फळ्यावर चंद्र, सूर्य, पृथ्वी काढतो, रंगीत खडूने. भांग म्हणजे काय हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तिथी बघायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरलं असतं. पण मला बापाच्या भांगापेक्षा माझा दुसरा रविवार मोठा वाटला.

एकदा तर योग आपोआप जुळला होता. माझा दुसरा रविवार आणि त्यांचा भांग एकाच दिवशी आले. मी पोचलो तेव्हा ते टोपी घालून ओट्यावर बसले होते, शेजारी पिशवी. म्हणाले, आज जाऊ या? मी म्हटलं, आज डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, एक महिना आधी नंबर लावलाय. उघाडी पुढच्या वेळी नक्की. तिथल्या तिथे पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ‘उघाडी, नारळ’ लिहिलं आणि त्यांना दाखवलंसुद्धा. ते बरं म्हणाले. डॉक्टरांनी मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणून सांगितलं आणि आम्ही परत आलो.

पाच आठवड्यांनी तो रविवार आला. गोदामांच्या रस्त्याच्या टोकापर्यंत रिक्षा नेली आणि पुढे त्यांचा हात धरून हळूहळू बांधावर नेलं. साडेबारा वाजले होते. बघतो तर पाणी बांधाच्या गळ्याशी. पायरी सोडा, उघाडीचा दगडी कठडासुद्धा बुडालेला. मी चडफडलो. आता काय, कधी उतरेल हे? चारपर्यंत उतरेल का? वडिलांनी बांधावर बूड टेकलं, काठी आडवी ठेवली आणि पाण्याकडे बघत म्हणाले, बेस पानी हाय.

तासभर आम्ही तिथे बसलो. त्यांनी मला शाळेचं विचारलं, नातीचं विचारलं. माझ्या लहानपणी मी याच बांधावरून चिखलात पडून चप्पल घालवली होती ते सांगितलं. मी घड्याळाकडे बघत ‘हं, हं’ करत होतो. निघताना त्यांनी पिशवीतला नारळ माझ्या हातात दिला. म्हणाले, तुझ्याकडं ठेव, भांगाला येशील तवा आन. घरी येऊन मी डायरीत ‘उघाडी’समोर अर्धी टिक केली. काम अर्धं झालं म्हणून.

बारा दिवसांनी ते गेले. सकाळी, झोपेतच. कोणालाही त्रास दिला नाही असं सगळे म्हणाले. मला तेव्हाही वाटलं, थोडा त्रास द्यायला काय हरकत होती?

तेराव्याला माणसं पांगल्यावर मी आतल्या खोलीत बसलो होतो. भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि त्याच्या काही चौकोनांत कोळशाने काळे ठिपके केलेले दिसले. पानं उलटत मागे गेलो, त्याच खिळ्याला खाली अडकवलेल्या जुन्या कॅलेंडरातही, दिवाळीपर्यंत. प्रत्येक महिन्यात दोन जागी, दोन-तीन ठिपके ओळीने. आईला विचारलं हे काय. तिने भांडी घासता घासता सांगितलं, ते भांगाचे दिवस. त्या दिवशी ते सकाळीच आंघोळ करायचे, टोपी घालायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. पायरी कधी उघडी पडणार ते बोटाच्या पेरांवर मोजायचे. ती वेळ टळून गेली की टोपी काढून खुंटीला लावायचे आणि आत येऊन आडवे व्हायचे. आई म्हणायची, पोराला फोन करा. ते म्हणायचे, त्याची शाला हाय.

असे सहा महिने. मी डायरी आणली आणि कॅलेंडरशेजारी ठेवली. माझे दुसरे रविवार आणि त्यांचे काळे ठिपके. एका ठिकाणी जुळत होते, तिथे मी ‘डोळ्यांचे डॉक्टर’ असं लिहून पूर्ण टिक केलेली होती.

मग आईने मला पेरांवरचं गणित शिकवलं. बैल गेला आणि झोपा केला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता समुद्राला भरती. आमच्या खाडीत पाणी चढायला वर आणखी तास-सव्वा तास. तिथून सहा तासांनी सुकती. झालं. एवढंच वेळापत्रक, पण चाळीस वर्षांत न चुकलेलं. मी तो अर्धी टिक केलेला रविवार बघितला. अमावास्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, वर सव्वा तास. साडेबारा. उधाणाचं पाणी अगदी शेंड्याला पोचतं त्या घटकेला मी त्यांना बांधावर नेऊन उभं केलं होतं.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात बसला. हे गणित ज्यांच्या बोटांत होतं त्यांना त्या दिवशी पाणी भरलेलं असणार हे ठाऊक नव्हतं का? आणि असेल, तर ते आले कशाला? आईला विचारायची हिंमत होत नव्हती. उत्तर काय येईल याची भीती वाटायची. कदाचित म्हातारपणामुळे विसरले असतील, असं मी स्वतःला सांगायचो. बापाला विसरभोळा ठरवायचं आणि आपण सुटायचं. शरम वाटायची, पण सांगायचो.

नारळ आमच्या स्वयंपाकघरात देवाच्या फळीवर होता. शुक्रवारी लूम थांबले की मी तो कानाशी धरून हलवायचो. आत पाणी डुचमळायचं. महिन्यामहिन्याने ते कमी होत गेलं. शेवटी पाणी वाजेनासं झालं आणि आत खोबऱ्याचा गोटा खडखडू लागला. बायकोने तो हातातून काढून घेतला आणि म्हणाली, एक तर आमटीत जाऊ दे नाहीतर खाडीत, पण याचं काहीतरी करा, मला बघवत नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागायची होती, पावसाला दीड-दोन महिने उरले होते. मी तिथी बघितली. गुरुवारी दशमी. साडेसाताची भरती, आपल्याकडे पावणेनऊ, म्हणजे सुकती तीनच्या आसपास. मी रजा टाकली. आणि ऐका आता, रजा टाकली ती अर्धी. नववीची चाचणी दोनला संपत होती, म्हटलं तेवढी उरकून निघू, वेळेत पोचतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. चाचणी लांबली. पुढे गोदामांच्या नाक्यावर एक ट्रेलर आडवा झालेला. बांधावर पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते.

पायरी अर्धी दिसत होती. मी घाईघाईने उतरलो, हात जोडले आणि नारळ सोडला. तो वाळलेला, हलका, पाण्यावर उंच तरंगला. थोडा पुढे गेला, थांबला आणि हळूहळू माझ्याकडे परत यायला लागला. पाणी फिरलं होतं. बांधावर पडलेल्या एका काठीने मी ढकलला, तो परत आला. पुन्हा ढकलला, पुन्हा आला, आणि माझ्या पायाला लागून थांबला. तिथे कोणी नव्हतं. मी मोठ्याने म्हणालो, “बाबा, पुरे.” मग ओला नारळ शर्टाला पुसला आणि खारबावच्या घरी जाऊन आईसमोर रडलो. पन्नाशीचा माणूस, पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल.

आई म्हणाली, उद्या एकादशी हाय. पाऊन तास उशिरा. सकालपासून बसू.

मी शाळेच्या मोठ्या बाईंना फोन केला, उद्या मी नाही. त्यांनी विचारलं, तुमचे तास कोणाला लावू? आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, माहीत नाही.

शुक्रवार होता. कामतघरात लूम थांबले असतील, गॅलरीतली खुर्ची करकरली असेल, आणि मी घरी नव्हतो. अकरा वाजल्यापासून आई आणि मी बांधावर बसलो होतो, आईची काठी शेजारी आडवी. तिने भाकऱ्या आणि सुकट आणली होती. जेवण झाल्यावर तिने पिशवीतून वडिलांची टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, घाल, वाट बघताना घालायचा तो. मी घातली. मला थोडी मोठी होत होती.

पाणी उतरतंय हे बघत राहिलं तर दिसत नाही. मान वळवून पुन्हा बघितलं तर दगडाची आणखी एक ओली ओळ उघडी पडलेली असते. करायला काही नव्हतं. पहिला तास मला डोंगरासारखा गेला, हात सारखा खिशाकडे जात होता. दुसऱ्या तासात मला त्यांच्या ओट्यावरच्या सकाळी दिसायला लागल्या, एकामागून एक, सगळ्या. मग मात्र राहवलं नाही.

“आये, त्या रविवारी पाणी भरलेलं असणार, हे बाबांना माहीत होतं?”

आईने माझ्याकडे बघितलंही नाही.

“त्याला ठाव नसंल? आदल्या दिशीच मना म्हनाला, उद्या अवस हाय, पायरी काय दिसत न्हाय. मी म्हनलं, मंग पोराला सांगा. तं म्हनाला, सांगू नको. सांगलं तं तो यायचा न्हाय.”

सव्वातीनला खालची पायरी कोरडी पडली. मी उतरलो. नारळ सोडला, तो या वेळी मागे न बघता गेला. आई वरून सांगत राहिली, अजून दिसतोय, अजून दिसतोय. मग ती सांगायची थांबली.

मी वर येऊन तिच्याशेजारी बसलो. आता निघायला हरकत नव्हती. पण तिने काठी उचलली नाही, आणि मी घड्याळ बघितलं नाही. पाणी फिरून पुन्हा वर चढायला लागेपर्यंत आम्ही तिथेच होतो.